विषय क्रमांक एक

"या घरात हुकूम चालत नाही. या घरात ठराव चालतो!"

राजानंद गुरुजींनी उभं राहून एवढं सांगितलं, चष्मा वर सरकवला आणि वाक्य ऐकणाऱ्यांच्या मनात नीट मुरावं म्हणून थांबले. तेवढ्यात मागच्या अंगाने त्यांच्या बायकोचं, बेबीनंदाबाईंचं, गाणं खणखणीत सुरू झालं, आणि साऱ्या सभेला आठवलं की या घराच्या न्हाणीला आतून कडी नाही.

तीही ठरावानेच नव्हती. बारा वर्षांपूर्वी शिवकन्येने कडीची सूचना मांडली, बेबीनंदाबाईंनी अनुमोदन दिलं आणि ती एकमताने मंजूर झाली. कडी पितळी असावी की लोखंडी, आडवी असावी की उभी, हा तपशिलाचा भाग तेवढा एका त्रिसदस्यीय समितीकडे गेला. समितीचा निमंत्रक होता गुरुजींचा धाकटा भाऊ प्रेम, म्हणजे शिवकन्येचा नवरा. तो तीन वर्षांनी वारला. निमंत्रक नाही म्हणून समिती बसली नाही, समिती बसली नाही म्हणून अहवाल आला नाही, आणि अहवाल नसताना कडी आणणं गुरुजींच्या तत्त्वात बसलं नाही. मग घरात रिवाजच पडला. आंघोळीला गेलेल्या माणसाने गात राहायचं. गाणं थांबलं की न्हाणी मोकळी. गुरुजी चळवळीची गाणी म्हणत. चळवळ मोठी असल्याने त्यांची आंघोळ अर्धा तास चाले. त्यांची मुलगी सुमेधा मोबाइल लावून ठेवी. शिवकन्येला गळा नव्हता. ती भरलेली बादली दाराला लावायची, एक हात दारावर ठेवायची आणि दोन मिनिटांत ओल्या केसांनी बाहेर पडायची.

"बेबीनंदाताई येईपर्यंत सभा दहा मिनिटं तहकूब," गुरुजी म्हणाले आणि खाली बसले.

बसायला खुर्ची एकच होती, ती अध्यक्षांची. बाकी सभा कापसावर बसली होती. भाव अजून चढायचा होता म्हणून पहिल्या दोन वेचण्या बाहेरच्या खोलीत खिडकीच्या गजापर्यंत भरून ठेवल्या होत्या, आणि कापसाच्या ढिगावर माणसाला ताठ बसता येत नाही. बसलेलं माणूस हळूहळू आत जातं. सभाशास्त्राच्या दृष्टीने गुरुजींना ही गोष्ट धोक्याची वाटत होती. कापसात रुतलेल्या माणसाचं मत बदलणं फार अवघड.

समोरच्या भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते, आणि त्यांच्या खाली जरा लहान चौकटीत गुरुजींचे वडील भिवा होते. ठरावांची वही ठेवायची पद्धत भिवाची. सत्तावन्न साली कुंभार पिंपळगावच्या बाजारातून त्यांनी शंभर पानी वही आणली आणि बायकोपोरांना सांगितलं, "आजवर आपुन कोन्या वाटंनं चालायचं ते दुसऱ्यानं ठरिवलं. आता आपलं आपुन ठरवू. बसून ठरवू." भिवाला लिहिता येत नव्हतं. ते सांगत आणि वस्तीतला कोणीतरी शिकलेला लिहून घेई. आता सातवी वही चालू होती, आणि तिच्या ताज्या पानावर गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: विषय क्रमांक एक: शिवकन्या हिचा उपचार. त्याखाली रेघ मारून: बोलणारे. संध्या, बेबीनंदा, नागसेन, सुमेधा. प्रत्येकी पाच मिनिटे.

विषय स्वतः ढिगाच्या कडेला पाय दुमडून बसला होता आणि कापसातला पालापाचोळा निवडत होता. हात रिकामे ठेवणं शिवकन्येला कधी जमलं नव्हतं. सत्तावन्न वर्षांची बाई, एकोणतीस वर्षं गावच्या अंगणवाडीची सेविका. दिवाळीच्या आधी वजनकाटा उचलताना कंबर धरली, म्हणून सुमेधाने तिला जालन्याला नेलं. सुमेधा तिथल्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर होती. जालन्याहून प्रकरण संभाजीनगरला गेलं, आणि तिथून आलेली फाइल आता गुरुजींच्या मांडीवर होती. फाइल जाड होती. घरातल्या कुठल्याच माणसाबद्दल इतकं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

बेबीनंदाबाई पदराने केस पुसत आल्या आणि जावेच्या शेजारी कापसात बसल्या. त्रिशरण झालं. गुरुजींनी सुमेधाला अहवाल वाचायला सांगितलं.

"वाचत न्हाई, सांगते," सुमेधा म्हणाली. "काकूच्या डाव्या छातीत गाठ हाय. तिथून ती हाडात गेलीय. पाठीचे दोन मणके आन् खुबा. म्हणून कंबर दुखती. लिव्हर, फुप्फुस साफ हाय. डॉक्टर म्हणतेत, चौथी स्टेज."

"चौथी म्हंजी कितीपैकी?" संध्याने विचारलं. संध्या गुरुजींची धाकटी बहीण. ती जाफराबादहून पहाटेची एसटी, मग जीप, मग पुन्हा एसटी करून आली होती आणि अजून पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"चारपैकी, आत्या."

शिवकन्येने कापसातून एक वाळकं पान काढलं आणि बाजूच्या सुपात टाकलं.

"पुढं सांग," गुरुजी म्हणाले.

"पुढं असं, की ही आता पुरी जाणार न्हाई. पण दाबून ठेवता येती. किती दिवस ते कोणीच छातीठोक सांगत न्हाई. कोनाला दोन वर्षं, कोनाला पाच, कोनाला जास्ती. काकूची गाठ हार्मोनवर वाढणारी हाय. त्यासाठी गोळ्या हायत. रोज घरी घ्यायच्या. हाडासाठी इंजेक्शन, आन् कंबरंला थोडे शेक, म्हंजी रेडिएशन. दर महिन्याला रक्त तपासायचं. हा एक रस्ता. दुसरा, किमो. सुई लावून, तीन-तीन आठवड्यानं. केस जातेत, उलट्या होतेत, माणूस गळून जातं. डॉक्टरबाई म्हनल्या, अशा गाठीला आधी गोळ्याच देतेत. त्या चालंनाशा झाल्या की किमो हायच हातात."

"आन् काढूनच टाकलं तर एकदाचं?" संध्या म्हणाली.

"गेलीय ना आत्या पुढं. घराला आग लागल्यावर चूल काढून टाकून काय उपेग?"

गुरुजींना उपमा आवडली, पण अध्यक्षांनी दाद द्यायची नसते. त्यांना संभाजीनगरचा तो मंगळवार आठवत होता. डॉक्टरबाई तरुण होत्या, सुमेधाच्याच वयाच्या. सगळं समजावून झाल्यावर त्यांनी खुर्ची शिवकन्येकडे वळवली आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?" शिवकन्येने तोंड उघडलं. तेवढ्यात गुरुजी म्हणाले होते, "आम्ही घरी बैठक घेऊन लेखी कळवतो." बाईंनी गुरुजींकडे पाहिलं, मग शिवकन्येकडे, आणि म्हणाल्या, "बरं. पण आठवड्याच्या आत या." गुरुजींना त्या वेळी आपण फार जबाबदारीने वागलो असं वाटलं होतं.

"पहिल्या वक्त्या, संध्याताई."

संध्याने अखेर पिशवी सोडली. आतून वर्तमानपत्रात बांधलेला पुडा निघाला.

"दादा, आमच्याकडं एक बाबा हाय. झाडपाल्याचा. पैसा घेत न्हाई. सकाळी निरश्या दुधातून एक चमचा. एकवीस दिवस. आमच्या शेजारच्या केशरबाईला एवढी गाठ होती," तिने मूठ दाखवली, "ती बिलकुल बसली."

"आत्या, केशरबाईला गळू झाल्तं," सुमेधा म्हणाली. "काखंत. मीच पट्टी केल्ती."

"गळू काय आन् गाठ काय, वरून सारखंच दिसतंय."

"बसलं कुठं? फुटलं ते."

"फुटलं म्हंजी गेलंच की!"

"वेळ संपली," गुरुजी म्हणाले. वेळ संपली नव्हती, पण अध्यक्षाला काही अधिकार असतात. त्यांनी पुडा हातात घेतला, हुंगला आणि शिंकले. पुडा अभ्यासार्थ ठेवून घेण्यात आला.

"मंग मुंबई," संध्या म्हणाली. "पावडर न्हाई तर मुंबई. मधलं कायी मला पटत न्हाई." संध्या आयुष्यभर कुठल्याही वादाच्या टोकालाच बसत आली होती, तिथे गर्दी कमी असते.

मुंबईचं नाव निघालं आणि नागसेन सावरून बसला. म्हणजे बसायला गेला, आणि आणखी चार बोटं आत रुतला. तो शिवकन्येचा एकुलता एक मुलगा, तेहतीस वर्षांचा, जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात सुपरवायझर. रात्रपाळी करून थेट मोटारसायकलवर आला होता. डोळे लाल होते. पाळीने झाले होते की आणखी कशाने, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

"माझं एकच म्हननं हाय. मुंबई. मोठा दवाखाना. किमो. मालकाच्या वळखीचा मानूस हाय तिथं. परवा निघायचं."

"कारण?" गुरुजींनी विचारलं. इतिवृत्तात कारण लागतं.

"कारन? मोठे बाबा, कॅन्सर हाय तो! कॅन्सरला गोळ्या? डोकं दुखलं तरी आपुन गोळी घेतो. मी लोकायला काय सांगू, माह्या मायला चौथ्या पायरीचा कॅन्सर हाय आन् आम्ही तिला घरी बसवून गोळ्या देऊन राह्यलो?"

"दादा, लोकायला दाखवायला उपचार नसतो रे," सुमेधा म्हणाली. "त्या गोळ्या साध्या न्हाईत. मुंबईवालेबी बहुतेक हेच सांगतील. पायजे तर कागद घेऊन जा, दुसरं मत घे, बराबर हाय. पण काकूला तिथं चार महिने ठिवायचं कशाला?"

"तुह्या मायचं असतं तर?"

हे लागलं. सुमेधाचा चेहरा उतरला. तिची माय शेजारीच बसली होती, ती मात्र उतरली नाही.

"नागश्या," बेबीनंदाबाई म्हणाल्या, "माझं असतं तर मी तिचंच ऐकलं असतं. आन् मुंबईला तिच्यासंगं ऱ्हाईल कोन? तू? मनीषाला सातवा चालू हाय तिकडं जालन्यात. आईला फुटपाथवर न् बायकोला पलंगावर ठिवून तू मधी लटकून बसशील एसटीत."

"बेबीनंदाताई, तुमची पाळी अजून..."

"माझी पाळी झाली. लिहा. गोळ्या."

गुरुजींनी लिहिलं. पस्तीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाला बायकोने सांगितलेलं लिहून घ्यायची सवय असते.

नागसेनने आता मोर्चा आईकडे वळवला. "आन् तू! सुमी म्हनती, गाठ आठ महिन्याची तरी आसंल. आठ महिने तुला दिसली न्हाई?"

"न्हाई दिसली बाबा."

"कशी न्हाई? अंगनवाडीत तूच तो तक्ता लावलाय. आरशापुढं उभं राहून दर महिन्याला सोताला तपासा. मी सोता खिळा ठोकून दिल्ता."

"हाय की तक्ता. गावातल्या सात बायांना मीच बघायला लावलं. त्यातली एक साळूबाई, येळंवर दाखवलं म्हनून वाचली."

"मंग सोताचं?"

"सोताचं निवांत बघायला कुठं गावतंय," शिवकन्या म्हणाली आणि पुन्हा कापसाकडे वळली.

गुरुजींनी मनात नोंद केली की अंगणवाडीचं काम फार वाढलं आहे, यावर एखादं निवेदन द्यायला हवं. बेबीनंदाबाईंनी मागच्या दाराकडे, न्हाणीच्या बाजूला पाहिलं.

"चहापानासाठी पंधरा मिनिटं," अध्यक्षांनी जाहीर केलं, आणि विषय क्रमांक एक चहा टाकायला उठला. बेबीनंदाबाईंनी खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि स्वतः गेल्या.

गुरुजी ओट्यावर आले. नागसेन मोटारसायकलला टेकून उभा होता. समोरच्या रस्त्याने सोयाबीनचं भुसकट भरलेला ट्रॅक्टर गेला आणि धुरळा बसेपर्यंत दोघेही तिकडेच बघत राहिले.

"मोठे बाबा," नागसेन म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "पप्पाला गाडीत घातलं तवा मी मागं बसल्तो. मांडीवर डोकं होतं त्याह्यचं. अंबडचा नाका आला. ड्रायव्हरनं इचारलं, अंबडलाच दाखवायचं का थेट जालना? तुम्ही काय म्हनले, ध्यानात हाय?"

गुरुजींच्या ध्यानात होतं. नऊ वर्षांत ते विसरण्याचा ठराव त्यांनी कितीदा तरी मांडला होता आणि तो दर वेळी फेटाळला गेला होता.

"तुम्ही म्हनले, थांब, संध्याला फोन लावतो. मंग संध्या आत्याला लावला. तिचा लागंना. मंग माह्या मामाला लावला. गाडी उभी. बारा मिनिटं उभी होती, मोठे बाबा. मी घड्याळात बघितलं."

प्रेमला नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की झटका मोठा होता, बारा मिनिटांनी फरक पडला नसता. गुरुजींनी हे वाक्य आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्याची स्वतःलाच खात्री नाही असं वाक्य माणूस दुसऱ्याला कसं देणार?

"तवा मी बोललो न्हाई. तुमच्यापुढं लहान होतो. आता बोलून राह्यलो. मला बसायचं न्हाई. कायी तरी करायचं. जे सगळ्यात मोठं आसंल ते करायचं. मंग गेली तरी..." त्याने मोटारसायकलच्या आरशावरची धूळ अंगठ्याने पुसली.

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू म्हणतोस ते..." त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण सभेतल्या भाषेत बोलतो आहोत. "तुझं खरं हाय नागसेन," ते म्हणाले. "मी भेलो होतो तवा. मला वाटलं, मी म्हनलं अंबड आन् चुकलं तर? चौघांनी मिळून चुकलं तर बरं असतंय. एकट्याच्या अंगावर येत न्हाई."

हे ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते, आणि सुदैवाने इतिवृत्त आत राहिलं होतं.

चहा झाल्यावर सभा पुन्हा बसली. बोलणारे बोलून झाले होते. आता मतदान. गुरुजी उभे राहिले.

"मुंबईच्या बाजूने?"

नागसेनचा हात. संध्याचा हात, तिने पुड्याकडे एकदा आशेने पाहून मग वर केला.

"गोळ्यांच्या बाजूने?"

सुमेधा. बेबीनंदाबाई, एका हातात कपबशा होत्या म्हणून दुसऱ्या हाताने.

दोन विरुद्ध दोन. अध्यक्षांचं निर्णायक मत. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं, आणि गुरुजींच्या डोळ्यांपुढे अंबडचा नाका उभा राहिला. इंजिन चालू. ड्रायव्हर वळून बघतोय. सर, कुठं घेऊ? मुंबई म्हणावं तर पोराचं समाधान. गोळ्या म्हणाव्या तर पोरीचं ज्ञान. आपण नागसेनच्या मामाला फोन लावावा, असं त्यांना खरोखरच एक क्षण वाटलं. मामा वारून चार वर्षं झाली होती.

तेवढ्यात कडेला आणखी एक हात वर झाला. बोटांना कापूस चिकटला होता.

"शिवकन्या, मतदान संपलंय. तुझा हात कोणत्या बाजूचा धरायचा?"

"कोन्त्याच न्हाई भाऊजी. बोलायला वर केलाय. अंगनवाडीत लेकरं करतेत तसा."

गुरुजींनी सवयीने बोलणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव शोधलं. संध्या, बेबीनंदा, नागसेन, सुमेधा. पुन्हा वरून खाली पाहिलं. तिचं नाव पानावर होतं. ठळक होतं, त्याखाली रेघ होती. पण ते विषयात होतं. बोलणाऱ्यांत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि अक्षर फार सुंदर आलं होतं.

गुरुजी खुर्चीत बसले. भिंतीवरच्या लहान चौकटीकडे बघायचं त्यांनी टाळलं, पण आठवण काही भिंतीवर अवलंबून नव्हती. ते सहा वर्षांचे होते. राजाला शाळेत घालायचं की म्हशीमागे पाठवायचं, यावर घरात सभा बसली होती. चुलते म्हशीच्या बाजूने होते. भिवाने सगळ्यांचं ऐकलं आणि मग म्हणाले, "त्या पोराला आत बलवा. म्हशीमागं त्याला हिंडायचंय, का तुम्हाला?" राजा आत आला होता, शेंबूड पुसत. ही सगळी हेडमास्तरकी, हा चष्मा, हे सुवाच्य अक्षर त्या एका प्रश्नातून निघालं होतं. आणि एवढ्या वर्षांत वही तेवढी सांभाळली गेली, प्रश्न कुठेतरी सांडला.

"बोल," ते म्हणाले. "वेळंची मर्यादा न्हाई."

"मला लई कायी न्हाई बोलायचं," शिवकन्या म्हणाली. ती उठली नाही. हातातला कापूस तिने मांडीवर ठेवला. "त्या दिवशी डॉक्टरीनबाईनं इचारलं, तवाच सांगनार होते. मी गोळ्या घेनार."

"माय..."

"थांब. तुहं सगळं ऐकलं न् मी? एकोनतीस वर्षं झाली, लेकरायचं वजन करून राह्यले. एखांदं लेकरू वजनच धरीत न्हाई. मंग त्याची आजी येती, म्हनती, बाई, कायी तरी जोरातलं द्या. टॉनिक द्या, सुई द्या. मी म्हनते, आधी रोजचं तर द्या बराबर. अंडं द्या. खिचडी द्या. महिन्यानं पुन्हा काट्यावर आना. जोरातलं लागलं तर पाठवूच की पुढं. आजीला वाटतं, ह्या बाईला कायी येत न्हाई." ती जरा हसली. "आता माहीच आजी झालाय तू."

सुमेधा हसली. नागसेन हसला नाही, पण त्याचा खांदा जरा सैल झाला.

"डॉक्टरीनबाई म्हनल्या, हे जानार न्हाई. ऱ्हाईल. मी समजले ते. रडून बी झालं माहं, तुम्हाला कळलं न्हाई, ते जाऊ द्या. पर ऱ्हानारं ऱ्हाईल, तर त्याच्यासंगं मला माह्या घरी ऱ्हायचंय. सकाळी अंगनवाडीत जायचं. जमंल तवर. चौतीस लेकरं हायत. मनीषाचं पस्तिसावं, त्याचं पहिलं वजन मला करायचंय. त्या वक्ताला मी मुंबईला उलट्या करीत पडले तर काट्यावर कोन घेनार त्याला? तू? तुला काट्याचा शून्य लावता येत न्हाई."

"आन् गोळ्या चालल्या न्हाई तर?" नागसेनने विचारलं. आता तो भांडत नव्हता, विचारत होता.

"तर सुई घेईन. नाटक करनार न्हाई. हे मी तुला सगळ्यांपुढं सांगते. कागद घेऊन तू जा मुंबईला, इचारून ये. त्याह्यनी येगळं सांगितलं तर पुन्हा बसू. पर मला घेऊन नको जाऊ."

"आन् एखांद्या दिवशी तूच म्हनलीस, आता पुरं, तर?"

बाहेर कोणीतरी बोकड हाकलत गेलं.

"तर तेबी मीच म्हनंन," ती म्हणाली. "तवा तू गाडी उभी करू नको. माह्याजवळ बस."

तिने ते कुठे ऐकलं होतं, ओट्यावरचं बोलणं खिडकीतून आत आलं होतं की नऊ वर्षांपूर्वीपासूनच तिला माहीत होतं, हे गुरुजींना कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही. नागसेन कापसातून उठायला गेला, दोनदा घसरला, आणि शेवटी रांगतच आईजवळ गेला. तेहतीस वर्षांच्या सुपरवायझरने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. त्याच्या केसांना कापूस चिकटला, तो ती वेचत राहिली.

संध्याने डोळे पुसले. "वहिनी, मंग पावडर...?"

"सुमेधाला इचारून," शिवकन्या म्हणाली.

"न्हाई," सुमेधा म्हणाली. "गोळ्यासंगं कायी पोटात घालायचं न्हाई. डॉक्टरनं बजावलंय."

"लावली तर?"

"कपाळाला लावा आत्या. कपाळाला चालंल."

गुरुजींनी पेन उघडलं. बराच वेळ विचार करून त्यांनी आधी बोलणाऱ्यांच्या यादीत पाचवं नाव लिहिलं, आणि मग ते खोडून सगळ्यांच्या वर, पहिलं लिहिलं. पान जरा खराब दिसू लागलं. त्याखाली त्यांनी ठराव लिहिला आणि उभं राहून वाचला: "शिवकन्या यांनी स्वतःच्या उपचाराबाबत ठरवले. सभेने ते ऐकून घेतले."

"एवढंच?" बेबीनंदाबाई म्हणाल्या. अध्यक्ष झाल्यापासून सव्वीस वर्षांत गुरुजींचा एकही ठराव दीड पानाच्या आत आटोपला नव्हता.

"एवढंच," गुरुजी म्हणाले. पण उभे राहिलेच होते, आणि उभ्या माणसाचा गळा आपोआप मोकळा होतो. "तरीही अध्यक्ष या नात्याने मला एक सांगितलं पाहिजे. शिवकन्या, आज तू या वहीला तिचा खरा अर्थ परत दिलास. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत. हे घर, ही माणसं, आमच्याजवळ जे जे आहे ते तुझं आहे. तू फक्त सांगायचं. काहीही सांग. कितीही मोठं असो, कितीही अवघड असो, ही सभा ते पूर्ण केल्याशिवाय..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि सवयीने विचारलं, "आणखी कोणाला काही?"

शिवकन्येने पुन्हा हात वर केला.

"बोल," गुरुजी म्हणाले. पेन उघडं होतं. नागसेनने मांडीवरून डोकं उचललं.

"न्हाणीला आतून कडी बसवा तेवढी."

गुरुजींचं पेन वहीकडे गेलं.

"लिहू नका भाऊजी," शिवकन्या म्हणाली. "नुसती बसवा."